शिकणाऱ्यांचा तारोला

गावसभेत ओनोरिना मावशीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती तिथे नव्हती. ती परसात भट्टी लावत होती. मडकी एकावर एक रचून झाली होती, वरून फुटक्या खापऱ्या घालायच्या राहिल्या होत्या, आणि अशा वेळी खुद्द संत रोमान दारात आला तरी मावशी उठली नसती. निरोप घेऊन मी गेले.

"मावशी, तुला बँडच्या समितीचं प्रमुख केलंय."

तिने वर न बघता विचारलं, "कुणी?"

"सगळ्यांनी. हात वर करून."

"तेच हात माझी लाकडं उचलायला कधी वर होत नाहीत," ती म्हणाली आणि पुढची खापरी ठेवली.

मेक्सिकोच्या डोंगरातल्या आमच्या सान रोमानमध्ये गावकीची पाळी कुणाला चुकत नाही. कुणी पाण्याच्या टाकीवर, कुणी देवळात, कुणी शाळेच्या स्वयंपाकघरात; वर्षभर राबायचं, पगार नाही. मावशीचा नवरा सेवेरो दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हा त्या घराची एक पाळी उरली होती. ती मावशीकडे यावी यात वावगं काही नव्हतं. पण बँडच्या समितीवर आजवर बाई बसली नव्हती, आणि मावशीला तर सूर कळत नव्हता की ताल. देवळात सगळे गायला लागले की ती नुसते ओठ हलवायची. असं का, हे तिला मीच एकदा विचारलं होतं. "मी गायले तर संत खाली उतरेल आणि बाहेर जाईल," असं तिने सांगितलं होतं.

मी तेव्हा पंधरा वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते आणि सकाळी शाळेत शिकवत होते. मावशीला अक्षरओळख नव्हती, स्पॅनिशही बेताचंच, म्हणून समितीतलं लिहिण्याबोलण्याचं काम माझ्याकडे आलं. बाकीचं सगळं तिने केलं. बाहेरगावचे बँड जत्रेला येणार म्हटल्यावर साठ माणसांसाठी मक्याच्या पिठात घेवडा भरून पानात उकडलेले तामाल, अंथरुणं, पाणी, सगळं तिच्या डोक्यात असायचं. एकदा ऐकलेली गोष्ट ती विसरत नसे, आणि एकदा केलेला अपमानही.

त्या वर्षी लेओबार्दो मास्तरांनी समितीकडे एकच मागणं मागितलं. बँड त्यांच्याच हाताखाली होता, आणि संध्याकाळी शिकाऊंचा वर्गही तेच घेत. या वर्गासाठी त्यांना एक तारोला हवा होता.

तारोला म्हणजे कमरेशी लटकवून दोन काड्यांनी वाजवायचा उथळ ढोल. खालच्या पानाला, म्हणजे ताणून बसवलेल्या पडद्याला, तारांची पट्टी टेकलेली असते, तिच्यामुळे तो तडतडतो. मिरवणुकीत सगळ्यांची पावलं त्याच्यावर पडतात. तो चुकला की संताची मूर्ती खांद्यावर घेतलेले आठ जण एकमेकांच्या टाचा तुडवतात. गावात असा तारोला एकच होता आणि तो त्रांकिलिनो काकांचा होता. काका सत्तरीचे. तीस वर्षं तो ढोल त्यांच्याकडे होता आणि त्यांच्या बायकोनेही त्याला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे शिकणारे चौघे, दोन लहान बहिणी, पावाच्या भट्टीवर काम करणारी क्रिस्पिना आणि एक्केचाळीस वर्षांचा टपालवाला आबुन्दियो, उपड्या बादलीवर हात चालवत.

"बादलीवर ज्याला येत नाही, त्याला ढोलावर काय येणार?" असं काका म्हणायचे.

"आणि बादलीवरच ज्याला येतं, त्याला मग बादलीच वाजवायला लावणार का?" आबुन्दियो विचारायचा. पण काका ऐकू जाईल एवढ्या जवळ नसताना.

मास्तर मावशीला म्हणाले, "फार भारी नको, मावशी. शिकाऊंसाठीच आहे. स्वस्तातला, पण बरा."

"बरा म्हणजे कसा?"

"म्हणजे... नीट वाजला पाहिजे."

"वाजतं तर तडा गेलेलं मडकंही, मास्तर. मला कळेल असं सांगा."

मास्तर चांगले वाजवणारे होते, पण ते ट्रम्पेटचे माणूस. त्यांना सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, "त्रांकिलिनो काकांना विचारा," आणि मान खाली घालून सुरांची पानं चाळू लागले.

मावशीने खरंच विचारलं. पहिल्यांदा काका म्हणाले, मला वेळ नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, तुला कळणार नाही. तिसऱ्यांदा ते उठून आतच गेले. मग मावशीने वेगळी युक्ती काढली. रोज संध्याकाळी मक्याची कणसं टोपलीत घालून ती बँडच्या खोलीत यायची, कोपऱ्यात बसायची, दाणे सोलायची आणि काकांच्या हातांकडे बघत राहायची. आठवड्याभराने काकाच अस्वस्थ झाले.

"तू इथे का बसतेस?"

"मका सोलतेय."

"घरी नाही सोलता येत?"

"घरी तुम्ही नसता, दादा."

मास्तर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. काकांनी काड्या खाली ठेवल्या. मग त्यांनी सांगितलं की रविवारी वरचं पान बदलायचं आहे, स्क्रू धरायला कुणीतरी लागेल.

त्या रविवारी मावशी काकांच्या ओट्यावर चार तास बसली. एकेक स्क्रू निघेल तसा तिच्या पदरात पडत गेला, आणि कुठला स्क्रू कुठून निघाला हे तिने शेवटपर्यंत लक्षात ठेवलं. काकांना ते आवडलं असावं, कारण ते बोलू लागले. तारा बदलता येतात. पान बदलता येतं. वाकलेलं कडंही ठोकून सरळ करता येतं. पण पान ज्याच्यावर बसतं तो ढोलाच्या खोडाचा काठ वाकडा असेल तर ढोल आयुष्यभर रडतो. कितीही ताणा, एकीकडे ढिला आणि एकीकडे घट्ट. आणि तारा लावायचा-सोडायचा खटका सैल असेल, तर वाजवणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय.

"हे शेवटचं परत सांगा," मावशी म्हणाली.

"काय?"

"वाजवणाऱ्याला काय वाटतं ते."

काकांनी परत सांगितलं. मावशीने मान हलवली. तिने ते का विचारलं हे मला पुढे कळलं.

ओआहाका शहर आमच्याहून पाच तासांवर. आम्ही पहाटेच्या व्हॅनने निघालो. मावशीने वाटेसाठी भाजलेल्या मक्याची पिशवी घेतली होती, आणि गाडी घाटात वळणं घेऊ लागली की ती एकेक दाणा चघळायची. उलटी होऊ नये म्हणून, ती म्हणाली. मला मात्र काही चघळावंसं वाटत नव्हतं. मी मनात ढोल ठरवूनही टाकला होता. दिवाळखोर सर्कशीच्या बँडकडेही असतो तसा चकचकीत पोलादी ढोल आपल्या मुलांना मिळाला तर ती किती खूश होतील, हेच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. मालक गाउदेन्सिओ शेठ, जाड भिंगाचा चष्मा लावलेला, गल्ल्यावर बसून टरबूज खात होता. समितीने ठरवलेल्या रकमेत बसतील असे त्याने तीन ढोल काढले. पहिला माझ्या मनातला, आरशासारखा पोलादी, सोबत पिशवी आणि काड्या. दुसरा लाकडी, पण वरून चमचमता लाल कागद लावलेला. तिसरा साधा लाकडी, पोलादीपेक्षा खोल. तो दोन वर्षं काचेच्या खिडकीत उभा होता, म्हणून उन्हाकडची बाजू फिकी पडली होती. तिसरा त्याने फक्त तीन व्हावेत म्हणून काढला हे दिसतच होतं.

मी पोलादी ढोलावर हात फिरवला. माझा चेहरा त्यात लांबट दिसत होता. "मावशी, हाच," मी म्हटलं.

मावशी म्हणाली, "त्यांना सांग, तिन्हींची पानं काढा."

मी सांगितलं. शेठने टरबुजाची फोड खाली ठेवली. "मावशींना विचारा, ढोल म्हणजे काय कांदा आहे का, सोलून बघायला?"

हे भाषांतर कसं करावं याचा मी विचार करत होते, तोवर मावशीने तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सरळ त्यालाच उत्तर दिलं. "कांदा असता तर मी वास घेऊनच सांगितलं असतं, शेठ."

शेठ हसला. त्याने किल्ली काढली.

एकेक उघडा केलेला ढोल मावशीने गल्ल्याच्या काचेवर खालच्या काठावर उभा ठेवला. मडकं भाजायच्या आधी ती तेही असंच सपाट दगडावर उपडं ठेवते. तोंड सगळीकडे टेकतंय की नाही हे बघायला. मग माझ्या फोनचा दिवा लावून तिने आत ठेवला, वरून आपली शाल पांघरली, आणि गुडघ्यांवर बसून काचेच्या पातळीला डोळा लावला. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. शेठही गल्ल्यामागून वाकला.

तिन्ही ढोलांच्या खालच्या काठाला दोन ठिकाणी, समोरासमोर, उजेडाची बारीक फट दिसली. मावशी उठून म्हणाली, "तिन्ही वाकडे. चल."

"थांबा, थांबा," शेठ म्हणाला. "ते मुद्दाम तसं असतं. खालच्या पानावरून तारांची पट्टी जाते. ती पानाला घट्ट चिकटावी म्हणून तिथे काठ थोडा घासून कमी करतात."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं मी त्या ढोलाच्या पुढे दोन हातांच्या अंतरावर उभी राहून वाजवत होते आणि मला माहीत नव्हतं.

"असं होय," मावशी म्हणाली. "मग माझं चुकलं. पण दोन्ही फटी सारख्या पाहिजेत."

त्या तिन्हींच्या सारख्या होत्या. मग ढोल उलटे करून वरचा काठ. पोलादी ढोलाचा काठ सगळीकडे टेकला. साध्या लाकडीचाही टेकला. लाल ढोलाला मात्र एका बाजूला नखाएवढी उजेडाची रेघ दिसली, आणि तिथे काही मुद्दाम घासलेलं असण्याचं कारण नव्हतं. मावशीने अंबाड्यातली दोरी सोडून त्याचं तोंड आडवं आणि उभं मोजलं. दोरी एकीकडे पुरली आणि एकीकडे तोकडी पडली.

"अंडं आहे," मावशी म्हणाली. शेठने तो मागे ठेवला.

पोलादी आणि लाकडी उरले. शेठने पानं परत बसवून ताणली. मला वाटलं आता तरी माझा ढोल येणार. पण मावशीने पोलादी ढोल मांडीवर घेतला आणि तारांचा खटका वर-खाली करायला सुरुवात केली. वर, खाली, वर, खाली. ती मोजत होती, आमच्या अयूक भाषेत, पुटपुटत.

"किती वेळा करणार?" शेठने मला विचारलं.

"शंभर," मावशी म्हणाली. "चार जण शिकतात. एका दिवसातच होतील."

साठच्या पुढे खटका सैल पडायला लागला. ऐंशीला तारा लावलेल्या ठेवल्या तरी आपोआप खाली यायला लागल्या. शेठ म्हणाला, "स्क्रू आवळला की होईल." मावशी म्हणाली, "आवळा." त्याने आवळला. मावशीने परत मोजायला सुरुवात केली आणि या वेळी तो चाळिसालाच सुटला.

लाकडी ढोलाचा खटका कुरकुरणारा आणि कडक होता, माझं बोट त्यात दुखलं. पण तो शंभर झाल्यावरही तसाच कडक राहिला.

मग तिने पिशवीतून भाजलेल्या मक्याचा एक दाणा काढला आणि वीतभर उंचीवरून पानावर टाकला. मध्यभागी टाकला तेव्हा तारा सळसळल्या. काठाजवळ टाकला तेव्हा नुसता टप असा आवाज आला. तिने पट्टी खालून नीट पाहिली. वीस तारांतल्या दोन वाकल्या होत्या.

"हे बदलून द्या."

"मावशी, या किमतीत..."

"दोन वर्षं खिडकीत उभा होता, शेठ. कुणी नेला नाही. मी नेतेय."

शेठने चष्मा काढून पुसला आणि आतून नवी पट्टी आणली. ती लावल्यावर मावशीने दाणा परत टाकला. काठाजवळही तारा बोलल्या. शेठने तो दाणा उचलला, बघितला आणि तोंडात टाकला.

परतीच्या गाडीत मांडीवरच्या ढोलाची फिकी बाजू खिडकीकडे वळवून मी बसले होते. मावशीला कळलं. "बेनिता, तुला तो आरसाच आवडला होता," ती म्हणाली. "सुंदर होता. मी नाही म्हणत नाही."

गावात बँडच्या खोलीपाशी पंधरा-वीस माणसं वाट बघत होती. पिशवी नव्हती म्हणून आम्ही ढोल पोत्यात घालून आणला होता. तो बाहेर काढला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "मावशी, शहरात गेलीस ती जुन्या बाजारात गेलीस काय?" दुसरा म्हणाला, "मडक्यात बुडवून आणलाय." हशा पिकला. दोघी बहिणींपैकी धाकटी रडकुंडीला आली. तिने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ढोल चांदीचा असणार.

त्रांकिलिनो काका पुढे आले. ढोल हातात घेतला, उलटा केला, काठावरून अंगठा फिरवला. खटका एकदाच ओढला. मग काड्या मागितल्या आणि दोन ठोके मारले, एक जोरात, एक अगदी हलका.

"उन्हात ठेवला होता कुणीतरी," ते म्हणाले.

एवढंच. पण ते ढोल घेऊन आत गेले आणि दीड तास तो सुरात लावत बसले. तेवढ्यावर गावाचं समाधान झालं नाही. पुढच्या गावसभेत विषय निघालाच. त्याच पैशात नवाकोरा मिळत असताना फिका का आणला, मावशीने खुलासा करावा.

मावशी उभी राहिली. गावसभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. ती ढोलाबद्दल बोलेल असं मला वाटलं होतं, काठ आणि खटका. मी ते सगळं कागदावर लिहूनही नेलं होतं. पण ती म्हणाली:

"मी नऊ वर्षांची असताना माझ्या आईने मला मडकी शिकवायला घेतलं. चांगली माती वाया जाऊ नये म्हणून मला ओढ्याकाठची देत होती. शिकतेच आहे, तिला काय करायचीय चांगली माती. मी केलेलं प्रत्येक मडकं तडकायचं. वाळतानाच. दोन वर्षं. आई मारायची नाही, पण बघायची. मी माझ्या हातांना शिव्या घालायचे. एकदा रागाने हात चुलीत घालणार होते. मग माझी आत्या आली पलीकडच्या गावाहून. तिने माझी माती जिभेला लावली आणि म्हणाली, ही तर खारट आहे, हिचं तर माझ्याच्यानेही मडकं होणार नाही. त्या दिवशी तिने मला तिची माती दिली आणि माझं पहिलं मडकं टिकलं. मी खूश नाही झाले. मी खूप रडले. दोन वर्षं मी स्वतःला नालायक समजत होते आणि दोष मातीचा होता."

ती थांबली. "जाणत्याला वाईट ढोल दिला तर तो म्हणेल ढोल वाईट आहे. शिकणाऱ्याला दिला तर तो म्हणेल मी वाईट आहे. म्हणून मी हा आणला. चमकणारा कुणाला हवा असेल तर त्याने घासून घ्यावा."

ती खाली बसली. सभेने पुढचा विषय घेतला, पाण्याच्या नळाचा. माझा कागद माझ्या हातात तसाच राहिला.

मावशी चुकली नाही असं नाही. लाकडी ढोल खोल होता आणि जड होता, हे तिने जोखलं नव्हतं. ती स्वतः पाठीवर तीस मडकी घेऊन डोंगर चढणारी बाई, तिला तो हलकाच वाटला होता. संत इसिद्रोच्या दिवशी शिकाऊ पहिल्यांदा मिरवणुकीत निघाले तेव्हा ढोल क्रिस्पिनाकडे होता. ती बुटकी, पट्टा अरुंद. अर्ध्या वाटेत तिचा एक खांदा खाली गेला, ढोल गुडघ्यावर आपटू लागला आणि तिचा डावा हात मागे पडू लागला. तिने तोंडातून ब्र काढला नाही. पण रात्री तिच्या मानेवर पट्ट्याचा लाल वळ उठलेला मावशीने बघितला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढ्या लांबून निवडून आणलास," क्रिस्पिना म्हणाली.

"मी निवडलं तरी मान तुझी आहे, पोरी."

मावशीने तिसऱ्या दिवशी नवा पट्टा आणून दिला. आम्ही लाकडं कपाळाला पट्टा लावून वाहतो, तसाच रुंद, घायपाताच्या दोराचा विणलेला, फक्त दोन्ही खांद्यांवरून पाठीत फुली पडेल असा. त्याला चार गाठी होत्या, दोन बहिणींसाठी एक, क्रिस्पिनासाठी एक, आणि पोट सुटलेल्या आबुन्दियोसाठी त्याहून लांब एक. चौथी कशासाठी, असं मी विचारलं. "आबुन्दियो जत्रेत जेवल्यावर," ती म्हणाली.

वर्ष संपलं, पाळी दुसऱ्या घराकडे गेली आणि मावशी आपल्या मडक्यांकडे परतली. पण गोष्ट डोंगरात पसरली होती. पुढच्या फेब्रुवारीत खालच्या गावच्या बँडच्या समितीची तीन माणसं तिच्या दारात आली, हातात कोंबडी घेऊन. त्यांनाही शिकाऊंसाठी तारोला घ्यायचा होता. मावशी म्हणाली, कोंबडी परत न्या, पण ज्याला शिकायचंय त्याला गाडीत बसवून आणा. मी ढोल बघेन, तो वजन बघेल. तेव्हापासून तिची ती अटच झाली. एकदा तर बारा वर्षांच्या एका मुलीने मावशीला पसंत पडलेला ढोल नाकारला, तो तिच्या मांडीला टोचत होता म्हणून, आणि मावशीने निमूट दुसरा शोधला. दोघींनी त्या दिवशी तीन दुकानं पालथी घातली. गाउदेन्सिओ शेठने तिच्यासाठी गल्ल्याच्या काचेवरचा पसारा हलवून ठेवायला सुरुवात केली. तिला बघितलं की तो न विचारता किल्ली काढायचा, आणि कुणा नव्या गिऱ्हाइकाने 'हा चांगला आहे का' असं विचारलं, तर 'डोंगरातली बाई हो म्हणाली तर चांगला' असं सांगायचा. गेल्या सात वर्षांत तिने अकरा ढोल निवडले. तिला आजही ताल धरता येत नाही. मी शिकवायचा प्रयत्न केला, तो दोघींनीही सोडून दिला.

क्रिस्पिना तीन वर्षांत मोठ्या बँडमध्ये आली आणि त्रांकिलिनो काकांच्या शेजारी उभी राहू लागली. काका तिला शिकवताना आवाज चढवायचे, पण तिच्या हातात त्यांचा स्वतःचा ढोल द्यायचे. आबुन्दियो अजून शिकतोच आहे.

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर काका एका दुपारी मावशीच्या परसात येऊन बसले. मी तिथेच होते, जत्रेसाठी वाडगे सांगायला गेले होते. काकांनी मातीबद्दल विचारलं. लाकडाबद्दल विचारलं. सेवेरोची आठवण काढली. मावशीने त्यांना कॉफी दिली, पाव दिला. अर्धा तास झाला तरी ते मुद्द्यावर येईनात.

"दादा, काय हवंय ते सांगा. मला आच बघायचीय."

काकांनी पोत्यातून आपला ढोल काढला. तारा सळसळत नव्हत्या, नुसत्या किरकिरत होत्या. आवाज कोरडा पडला होता. "म्हातारा झालाय," ते म्हणाले. "नवा घ्यावा म्हणतोय. तू येशील का?"

"मला शिकाऊंचे ढोल कळतात, दादा. तुमचा तुम्हाला कळायला हवा."

"मला आता बारीक दिसत नाही," काका म्हणाले. त्यांना हे म्हणायला खूप वेळ लागला.

मावशीने हात पुसले. ढोल मांडीवर घेतला, पण उघडला नाही. काठावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या बाजूने. मग मला म्हणाली, "बेनिता, गुरुवारच्या व्हॅनमध्ये तीन जागा सांग."

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. शेठने काकांसाठी खुर्ची मांडली आणि चांगल्यातले पाच ढोल काढले. मावशीने पाचही बघितले, काच, दिवा, शाल, सगळं नेहमीसारखं. काका शेजारी बसून ऐकत होते आणि प्रत्येकात काही ना काही खोट काढत होते. शेवटी मावशीने काकांचा ढोल पोत्यातून काढला आणि शेठला म्हणाली, याचीही पानं काढा. तो उघडा झाला, वरचा काठ खाली करून काचेवर ठेवला, तिने डोळा लावला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"दादा, खाली वाका. तुम्हीच बघा."

"दिसत नाही म्हटलं ना."

"उजेड असेल तर दिसेल. नसेल तर नाही दिसणार. वाका."

काका गुडघ्यावर हात टेकून वाकले. मी त्यांना धरलं. ते बघत राहिले.

"काही दिसत नाही," ते म्हणाले.

"बघा, कुठेच काही नाही. पस्तीस-छत्तीस वर्षांत तसूभर हललेला नाही. नवा घेऊ नका. तारा बदला, दोन्ही पानं बदला, खटक्याला तेल घाला."

"नव्यापेक्षा बरा आहे म्हणतेस?"

"या पाचांपेक्षा बरा आहे. सगळ्या जगाचं मला ठाऊक नाही."

गाउदेन्सिओ शेठचा एक मोठा सौदा त्या वाक्याने गेला. तरी त्याने तारा स्वतः लावून दिल्या, आणि लावताना विचारलं, "मावशी, तुम्ही इथे दुकानात कामाला का येत नाही?" मावशी म्हणाली, तुमच्या दुकानात बसायला जागा नाही. काकांनी किल्ली शेठच्या हातातून घेतली आणि शेवटचे आठ स्क्रू स्वतः आवळले, एकाच्या समोरचा एक, कान पानाला लावून. त्यात पाऊण तास गेला आणि आमची दुपारची गाडी चुकली. आम्ही बाजारात रस्सा खाल्ला, संध्याकाळच्या गाडीने निघालो. घाटात धुकं उतरलं होतं. काका ढोल मांडीवर घेऊन झोपले होते, आणि मावशी खिडकीबाहेर बघत मला सांगत होती की जत्रेच्या वाडग्यांना यंदा कान लावायचे, गरम रस्सा धरताना बँडवाल्यांची बोटं भाजतात.